थेंब पडायचा थांबला की सांग

तळ्याहून, माझ्या सासरच्या गावाहून, मी माहेरी परत आले तेव्हा मला विसावं लागलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवरा विषमज्वराने गेला होता. सासरच्यांनी मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही घरातला कर्ता मुलगा गेला होता, आणि माझ्याकडे पाहिलं की त्यांना तोच आठवायचा. तेराव्यानंतर बाबा मला न्यायला आले. सगळ्या वाटेत ते फार तर दहा वाक्यं बोलले असतील, पण माझी ट्रंक त्यांनी एकदाही दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

आमचं घर नागावात, अलिबागच्या रस्त्याला लागून. घरात बाबा आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. आई मी लहान असतानाच गेली होती. घराच्या बाजूला नारळाच्या झापांनी शाकारलेली मोठी पडवी होती, तोच बाबांचा कारखाना. तरुणपणी ते आगबोटीवर इंजिनखात्यात होते. पुढे गावी येऊन त्यांनी भातगिरण्यांची तेलावरची इंजिनं दुरुस्त करायला घेतली. मग पंप आले, शिवणयंत्रं आली, अलिबाग-रेवदंडा फेऱ्या करणाऱ्या मोटारी आल्या. रेवसपासून रेवदंड्यापर्यंत त्यांना सगळे मिस्त्री म्हणूनच ओळखत.

माहेरी आल्यावर पहिले काही महिने मी घराबाहेर पडलेच नाही. आत्याचं म्हणणं होतं, तेच बरं. पाणी भरायचं, भात कांडायचं, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायचं. बाबा जेवायला आले की माझ्याकडे पाहायचे आणि परत पडवीत जायचे.

मग एका दुपारी चौलच्या शेठांची मोटार आली. मोटार आली म्हणजे दोन बैलजोड्यांनी ओढून आणली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-अडीच वर्षं आधीची ही गोष्ट. शेठांचं घराणं जुनं व्यापारी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांचे भाऊबंद होते. चौलला त्यांची भातगिरणी होती, तिचं इंजिन बाबाच बघायचे. ही मोटार जर्मन बनावटीची, काळी, लांबलचक, आणि पेट्रोलवर न चालता गिरणीच्या इंजिनासारखी जाड तेलावर, म्हणजे डिझेलवर, चालणारी. तशी मोटार आमच्या भागात कोणीच पाहिली नव्हती. शेठांनी ती मुंबईत एका परत जाणाऱ्या गोऱ्या माणसाकडून घेतली होती. दोनच महिने चालली आणि वाटेत आतली साखळी तुटून बंद पडली.

शेठ पडवीत बाकावर बसून बाबांशी बोलत होते आणि मी आतून ऐकत होते. त्यांच्या बिबींना अर्धांगाचा झटका आला होता. दर आठवड्याला त्यांना अलिबागला डॉक्टरकडे न्यावं लागे. ती बैलगाडी आमच्या दारावरूनच जाई, मी पाहिली होती. गादी घातलेली, पडदा लावलेली, अगदी सावकाश हाकलेली.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, गाडीला दणका बसला तरी बिबी ओरडत न्हाय. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणून ही मोटार पायजे मला. मला फिरायला नको."

बाबांनी विचार करायला वेळ मागितला नाही. करतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन उघडायला घेतलं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. मोटारीबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं आणि ते कोणालाच वाचता येत नव्हतं. माझी शाळा सातवीपर्यंत झाली होती, शेवटच्या वर्षी मास्तरांनी इंग्रजी अक्षरं गिरवून घेतली होती. मी अक्षरं वाचली, पण शब्द काही लागेनात. बाबांनी पुस्तक पोस्टमास्तरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, हे इंग्रजी नव्हेच, हे जर्मन. मग राहिली फक्त चित्रं. ती मात्र सुरेख होती, प्रत्येक भाग सुटा करून काढलेला, शेजारी आकडे.

बाबा म्हणाले, चित्र बघून सांग, कुठला भाग कशावर बसतो. अशी मी पडवीत बसायला लागले. ते एकेक भाग काढून घासलेटात धुवायचे, मी पुसून गोणपाटावर ओळीने मांडायची आणि प्रत्येकापुढे खडूने आकडा लिहायची. आत्याला ते पसंत नव्हतं. येणारेजाणारे बघतात, म्हणाली. बाबांनी त्या दिवशी रस्त्याच्या बाजूला एक झाप आडवा बांधला आणि विषय संपवला.

साखळी तुटली तेव्हा आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, दोन व्हाल्वना जाऊन धडकले होते आणि ते वाकले होते. नवे व्हाल्व आणि नवी साखळी मुंबईहून मागवली. ती यायला पावसाळ्याचे महिने गेले. तेवढ्या काळात बाबांनी बाकीचं इंजिन आतून असं साफ केलं की हात फिरवला तर तेलाशिवाय काही लागू नये. आणि तेवढ्याच काळात माझ्या ध्यानात आलं की बाबांना जवळचं दिसत नाही.

एकदम कळलं नाही. नट उचलला की ते हात लांब करून उजेडात धरायचे. पान्यावरचा आकडा वाचायची वेळ आली की पाना माझ्याकडे द्यायचे, "बघ कितीचा हाय," जणू माझी परीक्षाच घेतायत. धातूवर चीर आहे का हे ते बघायचे नाहीत, नख फिरवून पाहायचे. नखाला त्यांच्या सगळं कळायचं. मला आधी वाटलं ही त्यांची पद्धतच असेल. मग एकदा त्यांनी माझ्या हातून पडलेली छोटी पिन शोधताना तिच्यावरून दोनदा नजर फिरवली. तिसऱ्यांदा मी ती उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

टायमिंग म्हणजे काय हे त्यांनी मला त्या पावसाळ्यातच समजावलं होतं. पेट्रोलच्या मोटारीत ठिणगी पडते. हिच्यात ठिणगी नाही. दट्ट्या वर येतो, हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होते म्हण, आणि नेमक्या त्या वेळी पंपाने तेलाचा फवारा मारायचा. लवकर मारला तर इंजिन आतल्या आत धडका घेतं, उशिरा मारला तर तेल जळतच नाही, नुसता पांढरा धूर. मागच्या जड चाकावर त्यासाठी दोन रेघा कोरलेल्या होत्या, बोटभर अंतरावर. एकीपाशी ओ टी अशी अक्षरं होती, दुसरीपाशी एफ बी. अक्षरं मी वाचली, अर्थ बाबांनी शोधला. सिलिंडरच्या भोकातून तार सोडून त्यांनी चाक फिरवलं. तार सर्वांत वर आली तेव्हा ओ टीची रेघ इंजिनाच्या कवचावर कोरलेल्या खुणेसमोर होती. म्हणजे ती दट्ट्या माथ्यावर आल्याची, आणि तिच्या आधी येणारी एफ बी ती तेल मारायची. ते कळलं त्या दिवशी बाबा इतके खूश झाले की त्यांनी आत्याला चहा करायला सांगितला, जेवणाची वेळ झालेली असून.

भाद्रपद संपता संपता सामान आलं. आणि नेमकं त्याच वेळी तळ्याहून निरोप आला की वर्षश्राद्धाला मी यावं. मला जाणं भाग होतं. मी बाबांना म्हटलं, मी येईपर्यंत टायमिंग राहू द्या, बाकीचं करा. ते बघू म्हणाले.

तळ्याला मी चार दिवस होते. सासूने मला नवऱ्याचा एक सदरा दिला आणि आम्ही दोघी एकमेकींजवळ बसून रडलो, वर्षात पहिल्यांदा. परत आले तर इंजिन गाडीत चढलेलं, झाकणं लागलेली. बाबा हात धूत होते.

"बसवलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या शेठ येणार हायत."

दुसऱ्या दिवशी शेठ आले आणि बरोबर बिबींनाही घेऊन आले. त्या बैलगाडीतच बसल्या होत्या, पडदा थोडा बाजूला केलेला. शेठांच्या मनात होतं की परत जाताना त्यांना मोटारीतूनच न्यावं. बाबांनी आतली तापायची तार तापवली, कळ दाबली. इंजिन फिरलं. फिरतच राहिलं. मागून पांढरा धूर निघाला, पडवीभर पसरला, डोळ्यांत गेला, पण इंजिन काही धरेना. पुन्हा केलं. पुन्हा धूर. पाचसहा वेळा झाल्यावर बॅटरी थकली आणि कळ दाबली तरी नुसता खट आवाज येऊ लागला.

शेठ एक शब्दही उणा बोलले नाहीत. होईल, मिस्त्री, घाई न्हाय, इतकंच म्हणाले. बैलगाडी अलिबागच्या दिशेने निघून गेली. बाबा ती वळणाआड होईपर्यंत रस्त्यावर उभे राहिले.

मग ते पडवीत येऊन गोणपाटावर बसले. मी चाकाजवळची छोटी खिडकी उघडली, इंजिन फिरवून बघितलं. पंप एफ बीवर नव्हता, ओ टीवर बसवलेला होता. चूक एवढीच होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, तुम्हाला रेघ दिसत नाही ना?"

त्यांनी तळवे धोतराला पुसले.

"दिसते," ते म्हणाले. "दोन दिसतात. कुठली कोणची ते न्हाय दिसत."

आणि मग त्यांनी जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तीन वर्षं हे असं चाललं होतं. माझ्या लग्नात अक्षतांच्या वेळी हातातला मंगलाष्टकांचा कागद त्यांना वाचता आला नव्हता, म्हणून त्यांनी तो दुसऱ्याकडे दिला होता. चाळशी लावली तर लोक म्हणतील मिस्त्रीची नजर गेली, आणि नजर गेलेल्या मिस्त्रीकडे इंजिन कोण आणणार? मी नसताना टायमिंग का बसवलं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तू होतीस तेवढे दिवस काम बरोबर होत होतं, म्हणून मला वाटायला लागलं मलाच जमतंय. ते एकदा बघायचं होतं.

मी म्हटलं, "उद्या सकाळी आपण दोघं बसवू."

सकाळी आम्ही झाप काढून टाकला, उजेड हवा होता. बाबांनी पंपाच्या पहिल्या तोंडातला छोटा भाग काढला आणि तिथे वर वळवलेली एक बारीक नळी बसवली. टाकी सोडली की त्या नळीतून तेलाची धार लागे. इंजिन सावकाश फिरवत गेलं की एका जागी पंपाचा आतला दट्ट्या तेलाची वाट बंद करी आणि धार थांबे. ती थांबण्याची जागा म्हणजेच फवारा सुरू होण्याची जागा, आणि त्याच वेळी चाकावरची एफ बीची रेघ खुणेसमोर हवी.

"मी फिरवतो," बाबा म्हणाले. "तू नळीकडं बघ. धार बारीक होईल, मग थेंब पडतील. मग एक थेंब फुगेल आणि तिथंच लोंबत राहील. थेंब पडायचा थांबला की सांग. आधी न्हाय, नंतर न्हाय."

ते पुढच्या बाजूला पाना लावून उकिडवे बसले, मी नळीपाशी. पहिल्या खेपेला मी उशिरा सांगितलं, दुसऱ्या खेपेला घाबरून आधीच. बाबा चिडले नाहीत. दर वेळी ते चाक चांगला अर्धा फेरा मागे नेत आणि पुन्हा पुढे आणत, कारण नुसतं चिमूटभर मागे घेतलं तर साखळीतली ढिलाई मध्ये येते आणि खोटी जागा दाखवते. किती वेळा केलं ते आठवत नाही. आत्या दाराशी येऊन उभी राहिली होती. ती आम्हाला जेवायला बोलवायला आली होती, पण बघतच राहिली.

हळूहळू मला तो थेंब कळायला लागला. पडणारा थेंब आधी लांब होतो. न पडणारा गोल राहतो. तेवढा फरक एकदा डोळ्यात बसल्यावर मी श्वास धरून पाहू लागले आणि मला आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. त्या वर्षात एवढा वेळ मी पहिल्यांदाच माझ्या दुःखाचा विचार केला नव्हता. ते नंतर लक्षात आलं.

"थांबला," मी म्हटलं.

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. मी उठून खिडकीतून रेघ बघितली. खुणेच्या थोडी पुढे गेली होती.

"किती पुढं?"

"नखाएवढी."

"करंगळीच्या की अंगठ्याच्या?"

"करंगळीच्या."

त्यांनी पंपाचे बोल्ट ढिले केले, पंप मी धरला आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो केसभर फिरवला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवून घेताना ते असाच हात धरायचे. पुन्हा फिरवलं, पुन्हा बघितलं. करंगळीच्या नखाचं अर्धं. पुन्हा. चौथ्या खेपेला थेंब लोंबला तेव्हा रेघ आणि खूण एकाच ओळीत होत्या. मी तीन वेळा करून दाखवायला लावलं. बाबा हसले, म्हणाले, तू माझ्याहून कडक मिस्त्री होणार.

शेठ दोन दिवसांनी आले, या वेळी बिबींना न आणता. मला वाटतं बाबांना पुन्हा त्यांच्यापुढे लाजवायला नको म्हणून. बॅटरी तोवर अलिबागहून भरून आणली होती. बाबांनी तार तापवली, कळ दाबली. इंजिनाने एक धडक घेतली, खोकल्यासारखी दुसरी, आणि मग धरलं. आधी खडखड, मग हळूहळू एकसारखं. बाबांनी लाकडाची काठी इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं आणि चारही सिलिंडर एकेक करून ऐकले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

शेठ त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले की या किनाऱ्याला तुमच्यासारखा माणूस नाही. बाबांनी हात सोडवून घेतले.

"शेठ, टायमिंग माझ्या बायनं बसवलंय. मला रेघ दिसत न्हाय आता."

ते एवढ्या साध्या आवाजात म्हणाले की मला वाटलं शेठांना ऐकूच गेलं नसेल. मी मान खाली घातली. आत्या आत निघून गेली. शेठांनी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. म्हणाले, "मग बेटी, मोटारीत तूच बस. ती घाबरेल पहिल्यांदा. कोणीतरी बाई बरोबर पायजे."

बाबांनी नुसती मान हलवली. जा.

अशी मी वर्षभरात पहिल्यांदा गावातून उघडपणे गेले, हातांना तेल लागलेलं, पायांत काही नाही. चौलला बिबींना उचलून आत बसवलं. त्यांच्या तोंडाची एक बाजू ओढलेली होती आणि बोलणं नीट कळत नसे. अलिबागला जाईपर्यंत रस्त्यात खड्डे आले, मोटार हलली, पण बैलगाडीचा तो दणका बसला नाही. निम्म्या वाटेवर त्यांनी चांगला हात पुढे करून माझा हात धरला. मी तेल लागेल म्हणून मागे घेतला. त्यांनी तो पुन्हा ओढून आपल्या ओढणीने पुसायला घेतला, एकेक बोट. पुसून झाल्यावर काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं पाणी मागतायत. त्यांनी पुन्हा सावकाश म्हटलं, आणि या वेळी कळलं. त्या विचारत होत्या, तुझं जेवण झालं का.

पुढच्या आठवड्यात शेठांनी बाबांना अलिबागला नेऊन चाळशी करून आणली. बाबांनी ती पडवीत लावली, आधी पाना बघितला, मग स्वतःची नखं, मग मान वर करून मला बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू एवढी वाळलीस कधी?" म्हणाले. मग चाळशी काढून धोतराने पुसत बसले, ती मुळीच मळली नसताना.

लोकांनी इंजिनं आणायची बंद केली नाहीत. उलट रेवदंड्याचे मोटारवाले येऊन विचारू लागले, मिस्त्रींची बाय हाय का घरात. मी कामाला बसू लागले ती कायमची. आत्या कुरकुरली, मग दुपारचा चहा पडवीत आणून देऊ लागली.

बिबी दीड वर्ष मोटारीतून अलिबागला गेल्या. शेवटी शेवटी डॉक्टरांचा काही उपयोग नव्हता हे सगळ्यांना कळलं होतं, तरी शेठ त्यांना नेत. त्यांना समुद्राच्या बाजूने बसायला आवडे. त्या गेल्यावर शेठांनी मोटार छपरात लावली आणि पुन्हा कधी तिच्यात बसले नाहीत. विकलीही नाही. बाबा म्हणाले, इंजिन असं बसून राहिलं तर जाम होऊन बसेल, महिन्यातून एकदा तरी चालवायला हवं. तेव्हा दर महिन्याला आम्ही दोघं चौलला जायचो, इंजिन चालू करायचो, तापलं की बंद करून परत यायचो. शेठ ओटीवर बसून असायचे. कधी सलाम करायचे, कधी नाही.

एकदा बाबा बंद करायला वाकले तेव्हा शेठ ओटीवरून उतरून छपरापाशी आले. पांढरी दाढी वाढली होती आणि चालताना काठी लागत होती.

"आज थोडा वेळ चालू द्या, मिस्त्री," ते म्हणाले.

बाबांनी हात मागे घेतला. मी बसले होते त्या पाटावर जागा करून दिली, शेठ माझ्याजवळ बसले, आणि टाकीतलं तेल संपेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.